पेन टॅब्लेट घेतलाय? आता एक रीम कागद आणा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी नवाकोरा पेन टॅब्लेट, म्हणजे कॉम्प्युटरवर पेननं चित्र काढायची पाटी, पिशवीत घालून माझ्याकडे येतं. बारावी झालेली असते, एलिमेंटरी-इंटरमिजिएट पास असतात, व्हिडिओ बघून ब्रशची नावं तोंडपाठ झालेली असतात. तक्रार ठरलेली: "सर, कागदावर बरं येतं, टॅबवर घाण येतं." काहींची उलटी असते. टॅबवर छान जमतं, पण समोर बसलेल्या गिऱ्हाइकानं "जरा कागदावर काढून दाखवा" म्हटलं की हाताला घाम फुटतो. दोघांचं औषध एकच आहे आणि ते कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.

माझी सुरुवात सांगलीतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात झाली. कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरवर वाढदिवसाचे बोर्ड. मध्ये दादा, खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे, वर एक वाघ. चार वर्षं तेच. मग तासगावकडच्या एका बागायतदाराचं बेदाण्याच्या बॉक्सचं काम आलं. त्यांना द्राक्षाचा घड हवा होता, फोटो नको, चित्रच. मी एक मणी झकास रंगवला, त्यावर पांढरं चमकदार टिंब दिलं, तो साठ वेळा कॉपी-पेस्ट केला, थोडा इकडं-तिकडं फिरवला. दोन तासांत घड तयार. ते गृहस्थ बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. मग म्हणाले, "काय ओ पेंटर, ह्या गोट्या कुठनं आणल्या?"

आणि त्यांनी मला समजावून सांगितलं. सोनाका जातीचा मणी लांबोळा असतो, थॉमसनचा त्यापेक्षा आखूड. घडातला मागचा मणी पुढच्याखाली दबलेला असतो, सगळे सुटे दिसत नाहीत. ताज्या फळावर पांढरट भुकटी असते, त्यामुळं उजेड पसरतो, असं टिंब पडत नाही. त्यांनी जन्मात पेन्सिल धरली नसावी. घड मात्र रोज बघितलेले. मी साठ मणी काढले होते आणि एकही बघितला नव्हता.

त्यानंतर मी जे शिकलो आणि आता येणाऱ्यांना जे करायला लावतो, ते इथं क्रमानं लिहितो. रोज एक तास दिला तर दोन महिने लागतात. कुणाला तीन लागले, कुणी अर्ध्यात सोडलं.

सामान

झेरॉक्सचा 75 जीएसएमचा ए4 कागद, 500 पानांची रीम. एचबी, 2बी आणि 6बी पेन्सिल, प्रत्येकी दोन. साधं निळं बॉलपेन. परीक्षेला नेतो तसला क्लिपवाला पॅड. महागडी स्केचबुक आणू नका. तिचं पान खराब होईल या भीतीनं हात आखडतो आणि वही वर्षभर कोरी राहते. रद्दीच्या भावाचा कागद असला की माणूस मोकळा काढतो.

खोडरबर घरी कुणाकडं तरी ठेवायला द्या. पहिले तीन आठवडे तो लागणार नाही.

खोडायचं का नाही

या लेखातलं हे एवढं जरी पाळलंत तरी पुरे, म्हणून जरा सविस्तर.

टॅबवर रेघ चुकली की बोट आपोआप कंट्रोल झेडवर जातं. रेघ गायब. दुसरी काढता, ती चुकते, गायब. अकराव्या वेळी बरी येते आणि पुढं जाता. अकरापैकी दहा वेळा ती नेमकी कुठं चुकत होती? उजवीकडं ढळत होती, की आखूड पडत होती? सांगता येत नाही, कारण पुरावाच पुसून टाकलाय. बरी आलेली रेघ नशिबानं आली की हातानं, हेही कळत नाही.

कागदावर चुकलेली रेघ तशीच राहते. तिच्याकडं बघून दुसरी काढायची: "ही इकडं गेली, तर आता थोडी आत." पहिली चुकीची रेघ हीच दुसरीची मोजपट्टी. एका वस्तूभोवती चार-पाच रेघांचं जाळं झालं तरी चालेल. शेवटची बरोबर असेल ती 6बीनं गडद करा. जुन्या मास्तरांच्या कच्च्या रेखाटनांतही अशा चाचपडणाऱ्या रेघा दिसतात. ते त्यांना लपवायच्या भानगडीत पडले नाहीत.

आठवड्याच्या शेवटी सगळी पानं जमिनीवर पसरा. तुमची चूक एका विशिष्ट प्रकारची असते आणि ती तिथं लख्ख दिसते. माझी सगळी भांडी डावीकडं कललेली निघाली. पॅड मांडीवर सपाट ठेवून वरून काढत होतो, म्हणून. पॅड डोळ्यासमोर उभा धरायला लागलो आणि दोन दिवसांत भांडी सरळ झाली. स्क्रीनवर हे मला कधीच कळलं नसतं.

पहिला पंधरवडा: तांब्या

हसू नका. एलिमेंटरीला वस्तुचित्रात तांब्या काढून तुम्ही कंटाळला असाल, पण तिथं मार्कांसाठी काढला होता.

तांब्या टेबलावर ठेवा, तुम्ही खुर्चीवर. तोंडाचा गोल लंबवर्तुळ दिसतो. आता बुडाकडं बघा. नवशिका तोंड लंबगोल काढतो आणि बूड सरळ रेघेनं संपवतो, कारण तांब्या सपाट टेबलावर आहे हे त्याला माहीत असतं. माहीत असणं आणि दिसणं यांची गाठ सुटते ती इथं. बूड डोळ्याच्या पातळीपासून तोंडापेक्षा जास्त खाली आहे, म्हणून त्याचं वर्तुळ तोंडापेक्षा जास्त उघडं दिसायला हवं. स्टीलच्या पेल्यात अर्धं पाणी भरून बघितलंत तर तोंड, पाणी, बूड अशी खाली जाताना फुगत जाणारी तीन लंबवर्तुळं सापडतील. मग खाली जमिनीवर बसा, डोळे पेल्याच्या तोंडाच्या रेषेत आणा. तोंड चपटं होत होत नुसती रेघ होतं.

मोजायचं कसं, तर हात कोपरात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल उभी. पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत तांब्याची रुंदी पकडा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते बघा. कोपर वाकलं की माप बदलतं, हे लोक विसरतात. आणि लंबवर्तुळ मनगटानं नाही, खांद्यातून हात फिरवून काढा. कागदाला टेकण्याआधी हवेत दोन-तीन वेळा फिरवून घ्या. दोन्ही टोकं पापडीच्या शेंगेसारखी टोकदार आली तर ते चुकलंय. लंबवर्तुळाला कुठंही टोक नसतं.

रोज दहा पानं. रोज वेगळं भांडं चालेल. कप घेतलात तर कानाचा आकार काढण्याऐवजी कान आणि कप यांच्यामधली पोकळी काढून बघा, कान आपोआप जागेवर बसतो.

न बघता काढायचं

डोळे वस्तूवर, पेन कागदावर, आणि कागदाकडं एकदाही बघायचं नाही. डोळा वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या वेगानं सरकतो, पेन त्याच वेगानं. स्वतःचा डावा हात घ्या, बोटांच्या सुरकुत्यांसकट. चित्र भयानक येईल. रोज पाच मिनिटं, महिनाभर.

याचा टॅबशी थेट संबंध आहे. ज्यांच्याकडं स्क्रीन नसलेला टॅब्लेट आहे, म्हणजे बहुतेक सगळे नवीन लोक, त्यांचा हात टेबलावर असतो आणि नजर मॉनिटरवर. हाताकडं न बघता काढणं हेच तर ते आहे. "टॅबवर घाण येतं" म्हणणाऱ्या दहांतल्या पाच-सहा जणांची अडचण मला इथंच सापडली.

उरलेल्यांची अडचण कधीकधी निव्वळ सेटिंगची निघते. टॅबवर एक वाटी पालथी ठेवा आणि तिच्या कडेनं पेन फिरवा. स्क्रीनवर नीट गोल आला तर ठीक. चपटा आला तर टॅबचं आणि मॉनिटरचं लांबी-रुंदीचं प्रमाण जुळत नाही. बरेच टॅब 16:10 चे असतात, मॉनिटर 16:9 चा. टॅबच्या ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवायचा पर्याय असतो, तो चालू करा. टॅबचा थोडा भाग वाया जातो, जाऊ द्या. एक मुलगी सहा महिने स्वतःच्या हाताला दोष देत होती. वाटीनं दोन मिनिटांत निकाल लागला.

मार्केट यार्डात

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घराबाहेर पडा. हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात सकाळी जा. हमाल पोतं पाठीवर घेतात तेव्हा अंगाची जी कमान होते ती एका रेघेत पकडायची: मानेपासून कंबर, कंबरेपासून टाच. चेहरा नको, बोटं नकोत, शर्टाची बटणं तर नकोतच. माणूस तीस सेकंदांत पुढं निघून जातो, तेवढ्यातच काढायचं. पोतं उचलण्याआधीची रेघ आणि उचलल्यानंतरची रेघ शेजारी शेजारी काढलीत तर वजन म्हणजे काय ते दिसतं.

आडवेळेला मिरज जंक्शनचा प्लॅटफॉर्मही चांगला. गाडीची वाट बघणारी माणसं बराच वेळ एका जागी असतात आणि तुमच्याकडं फारसं लक्ष देत नाहीत. यार्डात मात्र लक्ष देतात. "माझं काढा की" म्हणतात. काढा. कुणाचंही चित्र त्याच्यासमोर, पटकन काढायची भीती तिथंच मोडते. तोंडाजवळ कॅमेरा धरला तर माणूस अवघडतो, कागद-पेन्सिलीपुढं सहसा अवघडत नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी, यार्डात काढलेली पानं न उघडता, यार्डातलं एक दृश्य मनानं काढा. हेच परीक्षेतलं स्मरणचित्र, फक्त आता आठवायला खरोखर काहीतरी आहे. पुढं पुस्तकांची, पॅकिंगची, गेमची चित्रं काढायची असतील तर रोजची भाकरी यातूनच येते. गिऱ्हाईक मॉडेल आणून बसवत नाही.

उजेड आणि हळदीचा ढीग

खोलीतले दिवे बंद, एकच खिडकी उघडी, समोर एक लिंबू. डोळे किलकिले करा म्हणजे बारीकसारीक तपशील पुसून जातात आणि मोठे तुकडे उरतात. पाचच छटा वापरायच्या: कागदाचा पांढरा, तीन मधल्या आणि 6बीचा सर्वांत काळा. लिंबाची सावलीकडची बाजू कडेला पुन्हा किंचित उजळते, कारण टेबलावर पडलेला उजेड परत वर येतो. ती उजळ पट्टी उजेडाकडच्या बाजूपेक्षा कायम गडद असते. नवशिके ती जास्त पांढरी करतात आणि लिंबू पत्र्याचं दिसतं.

टॅबवर आल्यावर पहिला मोह मऊ एअरब्रशचा होतो. सगळं गुळगुळीत, सगळं फुग्यासारखं. कागदावर पाच छटांचे ठळक तुकडे पाडायची सवय लागली असेल तर एअरब्रश शेवटी आणि थोडाच लागतो.

रंगासाठी पोस्टर कलर: पिवळा, लाल, निळा, पांढरा. काळी बाटली घेऊ नका. हळदीचा छोटा ढीग ताटात घेऊन रंगवा. सावलीसाठी पिवळ्यात काळा घातलात तर तो शेवाळी हिरवट होतो. टॅबवर पिवळा निवडून स्लायडर सरळ खाली ओढलात तरी तेच होतं, आणि लोकांना कळत नाही की आपली हळद बुरशी आल्यासारखी का दिसते. ढिगाकडं बघा. सावली नारिंगी-तपकिरीकडं झुकते. बाटलीतला लाल थेंबभर, निळा त्याहून कमी, असं करत एकदा ती सावली हातानं बनवली की स्क्रीनवरच्या रंगचक्रात कुठं जायचं ते आपसूक कळतं.

आयर्विन पूल, घाटावरून

यथार्थदर्शनावर (पर्स्पेक्टिव्हवर) पुस्तकं आहेत, ती वाचा. मी एकच जागा सांगतो. कृष्णेच्या घाटावरून 1929 चा आयर्विन पूल काढा, एकदा वरच्या पायरीवर बसून, एकदा पाण्याजवळच्या पायरीवरून. क्षितिजरेषा तुमच्या डोळ्याच्या उंचीवर असते, तुम्ही खाली उतरलात की ती तुमच्याबरोबर उतरते आणि कमानींचा सगळा नूर बदलतो. ॲपमधलं यथार्थदर्शनाचं साधन रेषा बिनचूक आखून देतं, पण क्षितिज कुठं ठेवायचं हे ते तुम्हालाच विचारतं.

आता पाण्यातलं प्रतिबिंब. टॅबवर सगळे काय करतात? पुलाची लेयर (चित्राचा थर) डुप्लिकेट, उलटी, जरा अंधुक. नदी शांत असताना जाऊन नीट बघा. प्रतिबिंबात कमानीची खालची बाजू, पोटाकडचे दगड, वरच्या खऱ्या कमानीपेक्षा जास्त दिसतात. पाणी तुम्हाला पूल खालून दाखवत असतं. उलटी केलेली कॉपी हे दाखवू शकत नाही, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकतं.

याच जातीची एक फजिती माझ्या नावावर आहे. संगीत सभेच्या पोस्टरसाठी तानपुरा काढला होता, सिमेट्रीचं बटण लावून: अर्धा काढला, उरलेला अर्धा आपोआप. मिरजेतल्या वाद्यं बनवणाऱ्या एका वयस्कर कारागिरांना मोठ्या कौतुकानं दाखवला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच हातांमुळं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "बेटा, भोपळा साच्यातनं काढत नाहीत. वेलाला येतो." मग आतल्या खोलीत नेऊन वाळत ठेवलेले भोपळे दाखवले. एकाचं पोट डावीकडं, एकाला खांदाच नाही, एक जरा बसका. दोन एकसारखे नव्हते. मी तिथंच बसून सहा भोपळे बॉलपेननं काढले. पोस्टरवर त्यातला बसका गेला.

आता टॅबवर

साधारण सहाव्या आठवड्यात. ॲप कुठलंही चालेल. पीसीवर क्रिटा फुकट आहे आणि भरपूर आहे, मोबाइल किंवा टॅबवर आयबिस पेंट, आयपॅड असेल तर प्रोक्रिएट. पहिले पंधरा दिवस नियम कडक ठेवा: एक लेयर, एक ब्रश, झूम नाही, वीस मिनिटं अनडू (कंट्रोल झेड) नाही, रेघ सरळ करून देणारा स्टॅबिलायझर बंद. पुन्हा तोच तांब्या काढा. पहिल्या आठवड्यातलं कागदी पान शेजारी ठेवा म्हणजे उगाच निराश व्हायला होणार नाही.

नंतर सगळं हळूहळू चालू करा. अनडू वाईट नाही, मी दिवसातून शंभरदा वापरतो. स्टॅबिलायझर अक्षरलेखनाला लागतोच. टॅबवर काढणं म्हणजे फसवणूक, असं म्हणणारे काही जुने जाणते भेटतील. त्यांना चहा पाजा आणि आपलं काम करा. मात्र झूमबाबत सावध राहा. चारशे टक्क्यांवर डोळ्याची पापणी रंगवण्यात संध्याकाळ जाते आणि मागं येऊन बघावं तर मानच वाकडी.

कच्चं चित्र कागदावर आणि पक्कं टॅबवर ही माझी रोजची पद्धत. फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश बंद, मोबाइल कागदाला समांतर, नाहीतर तांब्या पुन्हा कलतो. फाइल छापायची असेल तर ए4 साठी 300 डीपीआयला 2480 बाय 3508 पिक्सेल धरा. फोटोची लेयर खाली, तिची अपारदर्शकता तीस टक्क्यांवर, वर नवी लेयर. छापखान्यात द्यायच्या आधी रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, बघून घ्या. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा-निळा शाईत उतरत नाही, आणि ते गिऱ्हाइकाला बॉक्स छापून झाल्यावर समजावणं फार अवघड जातं.

एक गोष्ट मी कुणाला करायला लावत नाही: फोटोवर चौकटी आखून नटांचे हुबेहूब चेहरे उतरवणं. लाइक भरपूर मिळतात. पण तो सपाट फोटोवरून सपाट कागदावर केलेला हिशोब असतो, तीन महिने करूनही समोरचा तांब्या येत नाही.

जमलं तर एक दिवस औंधला जाऊन या. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे, 1938 चं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी ते उभं केलं. राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं तिथं आहेत, हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही. मोबाइलवर पाहिलेलं चित्र प्रत्यक्षात जवळून बघा: कुठली कड धारदार ठेवलीय आणि कुठली मागच्या अंधारात विरघळून दिलीय. स्क्रीनवर आपण सगळ्याच कडा सुरीनं कापल्यासारख्या ठेवतो.

शेवटी, काढलेली पानं सांभाळा. प्रत्येकावर तारीख टाका आणि महिन्याला एकदा फोटो काढून ठेवा. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 च्याही वर गेलं आणि गावभागातल्या आमच्या खालच्या खोलीत कपाट बुडालं. पाणी उतरल्यावर वह्या काढल्या, चिखल धुतला. स्केचपेनची पानं नुसते जांभळे डाग झाली होती. बॉलपेन बऱ्यापैकी टिकलं होतं. पेन्सिलीचं जवळपास सगळं जसंच्या तसं, कारण शिसं पाण्यात विरघळत नाही. ते सहा भोपळे आहेत अजून माझ्याकडं. हल्ली वह्या माळ्यावर असतात, प्लास्टिकच्या पिशवीत.